इग्नासची उडी

होळीला मी कोल्हापूरहून घरी आले होते. त्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत उकड्या तांदळाची पेज ओतून घेत होते, तेव्हा फणसाखाली भाऊ आणि विघ्नेश बोलताना दिसले. भाऊ म्हणजे माझे वडील. विघ्नेश माझ्या धाकट्या काकांचा मुलगा. दोघं इतक्या हळू बोलत होते, की मला फक्त ओठ हललेले दिसले. मग विघ्नेशने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून कागदाची एक लहान पुडी काढली आणि भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती न बघताच बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

मी पडवीच्या पायरीवर आले तशी दोघंही गप्प झाले. विघ्नेश म्हणाला, "ताई, दुपारी येतंस मां बघूक?" आणि उत्तराची वाट न पाहता कुंपणाच्या फटीतून निघून गेला. पुढे चांगली फाटकाची वाट असताना.

"विघ्नू कशाला आला होता?" मी विचारलं.

"वारो बघूक."

आमच्या घराच्या मागे वारा नसतो. माडांच्या आणि फणसाच्या आड ती जागा भर दुपारीही कोंदलेली असते. वारा बघायचा तर माणूस पुढे, किनाऱ्यावर जातो. भाऊ पेजेला बसले, भाजलेल्या सुक्या बांगड्याचे काटे नेहमीसारखे ताटाच्या कडेला ओळीने लावत गेले. मग आपली शिट्टी नारळाच्या काथ्याने घासून पुसली आणि पांढरी पँट इस्त्री करायला काढली.

भाऊ पंच होते. जनार्दन कुबल हे नाव मच्छीमार सोसायटीच्या हजेरीपटावर असेल, तालुक्यात सगळे त्यांना कुबल पंच म्हणत. कबड्डीच्या मैदानावर तीस-पस्तीस वर्षं. स्वतःच्या वाडीचा संघ अंतिम सामन्यात एका गुणाने हरला, त्या निर्णयाची शिट्टी त्यांनीच वाजवली होती. तेव्हा मी शाळेत होते. आठवडाभर आमच्या घरी कोणी मासळी दिली नाही. भाऊंनी आठवडाभर वालीची भाजी खाल्ली आणि एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना त्या भाजीसकट ओळखत होते. म्हणूनच ती पुडी मला खटकली.

त्या दुपारची स्पर्धा तशी घरगुतीच होती. दामले नावाचे एक पुण्याचे गृहस्थ त्याआधी चार-पाच वर्षं आमच्या किनाऱ्यावर झोपडी बांधून राहिले होते. मोठा पतंग वाऱ्यावर धरायचा, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायांखाली फळी घ्यायची आणि पाण्यावरून धावायचं, हा खेळ त्यांनी इथे आणला. पहिल्या वर्षी गाव हसलं. दुसऱ्या वर्षी गावातली पोरं शिकली. आणि मी सांगते आहे त्या वर्षी होळीनंतर दामल्यांनी उड्यांची मैत्रीची स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं त्यांचा जुना पतंग. ऐकायला लहान बक्षीस, पण गावात स्वतःचा पतंग कोणाकडेच नव्हता. ज्याच्याकडे पतंग असेल त्याला दामले पुढच्या हंगामात शिकवायच्या कामावर घेणार होते.

हे काम दोघांना हवं होतं. एक आमचा विघ्नेश. दुसरा इग्नास फर्नांडिस, खुरसाच्या, म्हणजे चढावरच्या क्रॉसच्या, पलीकडच्या वाडीतला. त्याच्या मामाने त्याच्यासाठी बोटीवर, भटारखान्यात जागा बोलून ठेवली होती. इग्नासला जायचं नव्हतं. त्याची आई एकटी होती आणि समुद्र त्याला लोखंडी बोटीच्या पोटातून बघायचा नव्हता, असं तोच एकदा माझ्याशी बोलला होता.

उडी मोजायची कशी, यावर आधीच्या रविवारी दामल्यांच्या ओट्यावर बराच खल झाला होता. मी चहाच्या निमित्ताने तिथे होते. दामल्यांकडे फळीला लावायचं उंची मोजणारं एक यंत्र होतं, पण एकच. ते दर वेळी सोडून दुसऱ्याच्या फळीला बांधायचं, त्यात कोणाचं सैल, कोणाचं घट्ट, यावरून भांडण झालंच असतं. कोणी म्हणालं, डोळ्यांनी बघू. भाऊंनी मान हलवली.

"डोळो फसयता. जवळची उडी मोठी दिसता, लांबची बारीक."

मग काय करायचं? भाऊ म्हणाले, माणूस जितका वर जाईल तितका वेळ हवेत राहील. उंची सोडा, वेळ मोजा. दामल्यांनाही ते पटलं. कोणीतरी फोनमधलं घड्याळ पुढे केलं. भाऊंनी ते परत दिलं. बटण दाबणारा अंगठा कधी आधी पडतो कधी नंतर, आणि अंगठ्याला जाब विचारता येत नाही. त्यापेक्षा ते दम घालणार. फळी पाण्यावरून सुटली की एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' सुरू. फळी पाण्याला टेकली की बंद. जितक्या वेळा 'कबड्डी' झालं तितके गुण. टेकल्यावर मात्र उभं राहिलं पाहिजे. पाण्यात पडला तर उडी बाद, चढाईला गेलेला परत न आल्यासारखी.

सगळे हसले, पण आनंदाने. आमच्या गावात याला कोणी हरकत घेणं शक्यच नव्हतं. भाऊंचा दम एका लयीत चालायचा. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून तो मनात मोजत असे आणि शेवटी दोघांचा आकडा जुळायचा. दामल्यांनी एवढंच म्हटलं, की मोठ्यात मोठी उडी पाच-सहा सेकंदांची असते, तेवढा दम कोणालाही पुरेल. शिवाय ठरलं, की कोणाच्या फोनमधलं चित्र मागाहून दाखवायचं नाही. पंच सांगतील तो आकडा.

दुपारी वारा चांगला धरला. भाऊंची खुर्ची किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत ठेवली होती. मैदानावर भाऊ कधी खुर्चीत बसत नसत. आज त्यांनी आधीच सांगून खुर्ची मागवली होती. पुळणीवरून चालत येताना ते मध्ये एकदा थांबले आणि समुद्राकडे बघत उभे राहिले, जसं काही वाऱ्याचा अंदाज घेत होते. मग मला म्हणाले, "तू हंय बस. बाजूक."

एरवी पंचाच्या आसपास कोणी फिरकलेलं त्यांना खपत नसे. लोकांना त्यांनी दोरीपलीकडे उभं केलं होतं, लांब. दामले खाली पाण्यापाशी निशाण घेऊन. आणि मला मात्र शेजारी चटई.

"कशाला?" मी विचारलं.

"बस गो. मोजूचा तर मोज."

पाचजण उतरले. त्यातले दोघे टेकताना पडले, एकाचा पतंगच पाण्यात बसला. उरले विघ्नेश आणि इग्नास. प्रत्येकाला तीन उड्या, त्यातली मोठी धरायची. पहिल्या दोन्ही खेपांना भाऊंचे आकडे आणि माझे आकडे जुळले. आठ, नऊ, दहा, पुन्हा नऊ. मला जरा बरं वाटलं. सकाळचा संशय उगाचच, असंही वाटलं.

विघ्नेशची तिसरी उडी स्वच्छ होती. लांबून धावत आला, पतंग डोक्यावर आणला, आणि सुटला. भाऊंच्या ओठांतून दम निघाला, जेमतेम मला ऐकू येईल इतका. बारा. माझेही बारा. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

इग्नास वळून यायला वेळ लागला. तेवढ्यात भाऊंनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. सकाळचाच खिसा. माझ्याकडे पाठ होईल असं थोडं वळून त्यांनी काहीतरी तोंडात टाकलं. लवंग असेल, मी स्वतःला सांगितलं. भाऊ लवंग खात नसत.

मग इग्नास उडाला. मी त्याआधी आणि त्यानंतरही तशी उडी पाहिली नाही. तो वर गेला आणि वरच राहिला. पाण्यावर त्याची सावली लहान होत गेली. भाऊंचा दम चालू होता, मी मनात त्यांच्या मागोमाग जात होते. सात, आठ, नऊ, दहा, अकरा.

अकरावर भाऊ थांबले. इग्नास अजून हवेत होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी मोजत राहिले. फळी पाण्यावर आपटली, तो गुडघ्यांत वाकला, सावरला, उभा राहिला. दामल्यांचं निशाण खाली आलं. सगळा किनारा भाऊंकडे वळला. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता. मग त्यांनी हात वर केला.

"अकरा."

दोरीपलीकडे एकदम कोणी ओरडलं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दामले वर चालत आले, भाऊंच्या समोर उभे राहिले, आणि जे विचारायला आले होते ते न विचारता परत गेले. इग्नासने पट्टा सोडला, फळी वाळूत टाकली आणि तोही आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"अकरा?" त्याने विचारलं.

भाऊंनी मान हलवली. इग्नास त्यांच्याकडे बघत राहिला, नंतर माझ्याकडे. मी चटई गुंडाळायला घेतली.

"पंच म्हणतीत ता," असं म्हणून तो वळला.

मागून बाबी गिरकरचा आवाज आला. बाबी स्वतः कधी कशात भाग घेत नसे, पण प्रत्येक सामन्याला असायचा. "कुबलांचो पोरगो, कुबलांचोच पंच. मग आमी कित्याक इलंव उन्हात?"

लोक हसले. भाऊंनी ते ऐकलं. वाडीच्या पराभवाची शिट्टी वाजवणारा हा माणूस शिट्टी खिशात टाकून खुर्चीतून उठला. विघ्नेश दामल्यांच्या हातून पतंगाची पिशवी घेत होता आणि कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता.

घरी येताना भाऊ माझ्या मागे राहिले. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. रस्ताभर माझ्या डोक्यात सकाळचं ते कुजबुजणं, ती पुडी, ती खुर्ची, सगळं आपापल्या जागी बसत होतं. त्यात काय असेल हे मला कळत नव्हतं, पण काहीतरी ठरलेलं होतं याबद्दल शंका उरली नव्हती. फक्त एक गोष्ट कुठेच बसत नव्हती. लबाडीच करायची होती, तर मला शेजारी कशाला बसवलं?

संध्याकाळी जेवताना भाऊंनी भात अर्धा टाकला. पाण्याचा तांब्या हातात धरून ते अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"तुझे किती झाले गो?"

मला ते उलटतपासणीसारखं वाटलं. आपल्याविरुद्ध साक्षीदार आहे की नाही हे ते चाचपताहेत, असंच माझ्या मनात आलं. मी ताटं उचलली.

"मी मोजत नव्हते."

"ल्हान असताना मोजायचंस."

"आता मोजत नाही."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "सकाळी जरा इग्नासकडे जाऊन येतंय." मी विचारलं नाही, कशाला. मनात मात्र म्हटलं, आता त्याचं तोंड बंद करायला निघाले. मी माझ्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. ते पान मी वाचलं नाही.

भाऊ उजाडताच निघाले. मी चुलीपाशी होते. त्यांनी दारातून नेहमीसारखं "येतंय" म्हटलं आणि मी नेहमीसारखं "हं" म्हटलं.

इग्नासची वाडी लांब नाही. मधे फक्त एक चढ आहे, चढाच्या टोकाला खुरीस, आणि खुरसाभोवती चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्याला टेकून भाऊ बसलेले इग्नासला दिसले. त्याला वाटलं, दम खात असतील. त्याने दोनदा हाक मारली.

त्यांना घरी आणलं तेव्हा बंडीच्या आतल्या खिशातून मीच सामान काढलं. शिट्टी होती. आणि गोळ्यांची एक पट्टी, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या असतात तसल्या गोळ्यांची. एक गोळी कमी होती. पट्टीभोवती अजून तो कागद होता, आदल्या सकाळच्या पुडीचा.

विघ्नेशला मी त्याच फणसाखाली गाठलं. तो आधीपासूनच रडत होता. त्याने सांगितलं, की पावसाळ्यापासून तोच तालुक्याहून गोळ्या आणत होता. डॉक्टरांनी कोल्हापूरला मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं होतं. कोल्हापूरला म्हणजे माझ्याकडे. म्हणूनच मला कळू द्यायचं नव्हतं.

"भाऊंनी शपथ घातलेली," तो म्हणाला. "ताईक सांगलंस तर दारात उभो करूचंय नाय, म्हणाले."

"काल तुला कळलं नव्हतं?" मी विचारलं. "अकरा म्हणाले तेव्हा?"

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "मी पाण्यात होतंय, ताई. माका काय ऐकाक येणार?"

ते खरंही असेल. पण पतंगाची पिशवी घेताना त्याची नजर जमिनीवर का होती, हे मी त्याला विचारलं नाही आणि आजतागायत मला ते माहीत नाही.

दिवसपाण्याला आलेल्या माणसांत दबक्या आवाजात एकच बोलणं होतं. पंच पहाटे फर्नांडिसकडे निघाले, म्हणजे मनाला खात होतं. खाल्लेलं पचलं नाही. बाबी गिरकर मांडवात बसून हे सांगत होता आणि मी त्याला चहा देत होते. मला सांगता आलं असतं. पण काय सांगायचं? की ज्या माणसाचा दम आख्खा तालुका ऐकत होता, त्याला पाच सेकंदांचा श्वास पुरला नाही? कोणी विश्वास ठेवला असता? मेलेल्या बापासाठी मुलगी सबब शोधते आहे, असंच म्हणाले असते. आणि भाऊंनी जे जिवापाड झाकलं ते मी मांडवात उघडं करू का, हाही प्रश्न होताच. तेराव्यानंतर मी कोल्हापूरला परतले. पुढच्या महिन्यात इग्नास बोटीवर गेला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. इग्नासची आई गेली, त्यानंतर तो बोट सोडून कायमचा परत आला. दामले पुण्याला गेले. त्यांची झोपडी विघ्नेश आणि इग्नास दोघे मिळून चालवतात. एकमेकांशी बरे आहेत. गेल्या होळीला घर साफ करायला मी गेले होते, तेव्हा इग्नास फाटकाशी आला. स्पर्धा ठेवली होती. आता प्रत्येक फळीवर यंत्र असतं, आकडा लगेच कळतो. तरी सुरुवातीची शिट्टी मी वाजवावी, भाऊंची असेल तर तीच, असं त्याचं म्हणणं होतं. मी शिट्टी शोधली. काथ्याने घासली.

निघताना तो फाटकावर हात ठेवून घुटमळला. "ताई, त्या दिवशी पंच माझ्याकडे येय होते. कित्याक, ता माका आजून कळाक नाय. लोक म्हणतत ता..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं. दुपारी ये म्हणाला, मी हो म्हटलं.

किनाऱ्यावर त्याच जागी खुर्ची ठेवली होती, मी तिच्यात बसले. होडी आता नव्हती. दोरीपलीकडे माणसं बरीच होती, त्यांतली निम्मी मला अनोळखी. विघ्नेश पाण्यापाशी निशाण घेऊन उभा होता, त्याचे केस पुढून विरळ झाले होते. इग्नास माझ्या शेजारी. मी शिट्टी तोंडाशी नेली, तेवढ्यात बाबी गिरकर दिसला. म्हातारा झाला होता, काठी आली होती, आवाज तोच होता.

"कुबलांची शिट्टी हाडलास काय रे? मग आजपण कुबलच जिंकतलो."

लोक हसले. ज्यांना काही माहीत नव्हतं तेही हसले. पाण्यापाशी विघ्नेशने मान खाली घातली. मी शिट्टी खाली घेतली.

"बाबीकाका," मी म्हटलं, "त्या दिवशी भाऊंचा दम तुटला होता."

वाऱ्यात तो आवाज फार लांब जाणार नाही असं वाटलं, म्हणून मी उठून उभी राहिले. इग्नास माझ्याकडे वळला. कोणीतरी आणखी हसायला लागलं होतं ते थांबलं.

"छातीचं दुखणं होतं त्यांना. कोणाला सांगितलं नव्हतं. तुटला तिथे जो आकडा होता तो त्यांनी सांगितला, कारण पुढचा त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे होता. मी त्यांच्या बाजूला बसून मोजत होते. रात्री त्यांनी मला विचारलं, तुझे किती झाले. ते कळलं असतं तर सकाळी इग्नासच्या दारात जाऊन त्यांनी निकाल फिरवला असता. मी म्हटलं, मी मोजत नव्हते. तरीही ते निघाले."

मी इग्नासकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे पाहिलं.

"चौदा झाले होते, भाऊ. चौदा."